तंगुसाचा दुसरा उंचवटा : डीएससी आणि एक्सआरडी एकत्र लावताना

१ जूनला पावसाळी बंदी लागली की मिरकरवाडा, हर्णै, मालवण, सगळीकडे जाळी किनाऱ्यावर चढतात आणि डागडुजी सुरू होते. कुठला दोर उन्हाने भुसभुशीत झालाय, कुठला तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) नवा असूनही गाठीत तुटतो, हे हाताला लगेच कळतं. कारण मात्र हाताला कळत नाही. त्यासाठी तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि तिथून सहसा एकच आलेख परत येतो, डीएससीचा (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्रीचा). त्यावर २१४ आणि २२१ °से. असे दोन उंचवटे असतात आणि खाली एक ओळ : 'दोन स्फटिकरूपं आढळली'. म्हणजे त्याच नायलॉनच्या लांब रेणूसाखळ्या दोन वेगळ्या तऱ्हांनी रचलेल्या आहेत. ही ओळ तेवढ्या आलेखावरून लिहिता येत नाही. का येत नाही, आणि लिहायचीच असेल तर काय काय करावं लागतं, ते पाहू.

डीएससी उष्णतेचा हिशेब ठेवतं. नमुना तापत असताना कोणत्या तापमानाला किती उष्णता आत गेली किंवा बाहेर आली, एवढंच ते सांगतं. आत नेमकं कोण वितळलं, हे त्याला माहीत नसतं. क्ष-किरणांचं उलट असतं. साखळ्या एकमेकींपासून किती अंतरावर रचल्यात ते एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) दाखवतं, म्हणजे ओळख पटवतं. पण ती रचना मोडायला किती उष्णता लागली याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून दोघांना एकाच नमुन्यावर, शक्यतो एकाच वेळी बसवायचं. (पुढचे सगळे कोन तांब्याच्या नळीचे, १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे आणि टू-थीटाचे, म्हणजे किरण नमुन्यावरून जेवढा वळतो त्या कोनाचे आहेत.)

यंत्राकडे जाण्याआधी बादली. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास. पॉलिप्रॉपिलीन ०.९१, एचडीपीई (दाट पॉलिएथिलीन) ०.९५, म्हणजे हे दोन्ही तरंगतात. नायलॉन १.१४ आणि पॉलिएस्टर १.३८, हे बुडतात. धाग्यांत हवा अडकलेली असते, त्यामुळे तुकडा पाण्यात चांगला चुरगाळून मग सोडायचा. ही फुकटची चाचणी टाळली, तर पुढचा घोळ महागात पडतो.

तो घोळ असा. नायलॉन-६ ची अल्फा आणि गॅमा अशी दोन स्फटिकरूपं. अल्फा रूप २० आणि २४ अंशांना दोन शिखरं देतं. अंतरात सांगायचं तर ४.४ आणि ३.७ अँगस्ट्रॉम. गॅमा रूप २१.५ च्या आसपास एकच ठळक शिखर देतं. आता पॉलिएथिलीन पाहा : २१.५ आणि २३.९. म्हणजे जाळ्याच्या धाग्यात एचडीपीईचा एखादा पदर मिसळलेला असेल, तर नुसत्या एक्सआरडीवर तो 'गॅमाही आहे आणि अल्फाही' म्हणून खुशाल खपून जाईल. डीएससीवर मात्र १३० °से.ला उंचवटा आला की चोर सापडला, कारण नायलॉनला तिथे वितळण्यासारखं काही नसतं. पॉलिप्रॉपिलीनच्या दोरात पॉलिएथिलीन असेल तरी तसंच. पॉलिप्रॉपिलीनची २१.२ आणि २१.८ ची शिखरं पॉलिएथिलीनच्या २१.५ ला झाकून टाकतात. तिथे २३.९ वर नजर ठेवावी, आणि खात्रीसाठी १३० व १६५ °से. असे दोन वेगळे उंचवटे. अशा मिश्रणात दोन यंत्रं एकमेकांची साक्ष तपासतात.

एक किरकोळ सूचना. काही यंत्रं शोषलेली उष्णता वर काढतात, काही खाली. आलेखाच्या कोपऱ्यात बाण काढून 'शोषण वर' किंवा 'शोषण खाली' असं लिहायची सवय लावा. आलेख दुसऱ्याच्या हातात गेला की 'उंचवटा' आणि 'खड्डा' यांची सर्रास अदलाबदल होते.

पाणी कुठे मुरतं

कोकणात नायलॉनची परीक्षा पावसाळ्यात करायची म्हणजे आधी पाण्याशी गाठ. नायलॉन-६ ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ४ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर ९-१० टक्के. आता हिशेब करा. पॅनमध्ये (डीएससीत नमुना ठेवायच्या छोट्या धातूच्या वाटीत) ६ मिलिग्रॅम तंगूस आहे, तो अर्धवट सुकलेला आहे आणि त्यात ३ टक्के, म्हणजे ०.१८ मिलिग्रॅम पाणी आहे. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता ग्रॅमला २२५७ ज्यूल. म्हणजे एवढंसं पाणी उडवायला ०.४१ ज्यूल लागले. त्याच तुकड्याची वितळण्याची उष्णता ग्रॅमला ६९ ज्यूल धरली तर ६ मिलिग्रॅमला होतात ०.४१ ज्यूल. दोन्ही आकडे सारखेच! जो उंचवटा मोजायला बसलो, तेवढाच दुसरा उंचवटा निव्वळ पाण्याचा. तो ६० ते १२० °से.च्या पट्ट्यात बसकट पसरतो आणि काचसंक्रमणाची (कडक अस्फटिक भाग मऊ पडतो त्या तापमानाची) पायरी गिळून टाकतो. पायरीची जागासुद्धा पाण्यावर ठरते : कोरड्या नायलॉनला ५० °से.च्या आसपास, पोटभर पाणी प्यायलेल्याला शून्याच्याही खाली. शिवाय पॅनवर तुम्ही ६ मिलिग्रॅम लिहिलंत, त्यातलं ३ टक्के नायलॉन नव्हतंच.

मग सुकवायचं कसं? भट्टीत ८० °से.ला रात्रभर ठेवणं हा सगळ्यांचा आवडता मार्ग, आणि जाळ्याचा इतिहास वाचायचा असेल तर तोच चुकीचा. त्या तापमानाला बारीक, अर्धवट स्फटिक सावरून बसतात आणि पुढच्या तापवणीत ९०-१०० °से.च्या आसपास एक छोटा उंचवटा उमटतो. तो तुमच्या भट्टीचा असतो, जाळ्याचा नसतो. त्यापेक्षा निर्वात भट्टीत ४० °से.ला २४ तास ठेवावं, मग सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये. जाड तंगूस असेल तर आणखी एक दिवस. कसोटी घड्याळाची नसून वजनाची आहे : सहा तासांच्या अंतराने घेतलेली दोन वजनं जुळली पाहिजेत. तराजू ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. ०.१ मिलिग्रॅमवाल्या तराजूवर ५ मिलिग्रॅम तोलणं म्हणजे २ टक्के चूक आधीच पदरात घेणं.

पॅनच्या झाकणाला टाचणीएवढं भोक पाडा. हवाबंद पॅन वाफेने फुगतो, त्याचं बूड सेन्सरवरून उचललं जातं आणि आलेख मध्येच वाकतो, कधी फुटतोही. तापवून झाल्यावर पॅन पुन्हा तोला. वजन घटलेलं दिसलं, तर तेवढं पाणी आत होतं आणि सगळे आकडे कोरड्या वजनावर पुन्हा काढायचे. स्वयंचलित ताटलीत रांगेने मांडलेल्या पॅनांकडेही लक्ष असू द्या. पहिला पॅन कोरडा असतो, पण आठव्याचा नंबर येईपर्यंत जुलैच्या हवेने त्याला पाणी पाजलेलं असतं. ताटलीवर कोरड्या नायट्रोजनचं आवरण नसेल, तर पॅन एकेक करून घालणंच बरं.

कापणी आणि मांडणी

डीएससीला ५ ते ७ मिलिग्रॅम पुरे. तंगुसाचे एक-एक मिलिमीटरचे तुकडे धारदार ब्लेडने कापून बुडावर सपाट पसरावेत. लांब तुकडा गुंडाळून घातला तर तो तापताना आकसतो, उसळतो आणि वितळण्याच्या आधीच आलेखावर खोटे झटके उमटवतो.

एक्सआरडीसाठी मात्र कापणीला वेगळं महत्त्व आहे. तंगूस ताणून काढलेला असतो, त्याच्या साखळ्या लांबीच्या दिशेने उभ्या असतात. धागे शेजारी-शेजारी चिकटवून परावर्तन पद्धतीने मोजलं तर आडव्या दिशेची शिखरं भरमसाट उंच दिसतात आणि बाकीची गायब होतात. त्या आलेखावरून काढलेली स्फटिकता निरर्थक असते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काप करून, उलटसुलट मिसळून, फिरत्या धारकात मोजावं. गिरणीत दळू नये. घर्षणाने ऊब येते, स्फटिक चिरडतात, आणि आपण ज्याची चौकशी करतोय तोच माणूस बदललेला असतो. द्रव नायट्रोजनमध्ये दळणं त्यातल्या त्यात बरं, पण कात्री-ब्लेडने भागत असेल तर तेही नको.

वापरलेलं जाळं असेल तर आधी ऊर्ध्वपातित पाण्यात तीन-चार वेळा खळबळून धुवा. मिठाची शिखरं २७.४, ३१.७ आणि ४५.५ ला येतात. ती वेगळी उठून दिसतात, त्यामुळे तशी निरुपद्रवी. खरा त्रास वाळूचा. क्वार्ट्झचं मोठं शिखर २६.६ ला आणि त्याच्या साधारण पंचमांश उंचीचं दुसरं २०.९ ला, म्हणजे बरोबर नायलॉनच्या अंगणात. २६.६ ला बारीकशी रेघ जरी दिसली, तरी २०.९ ला तिची धाकटी बहीण बसलेली आहे असं समजून चाला. शिंपल्याचा चुरा २६.२ ला दिसतो. पांढऱ्या धाग्यातलं रुटाइल (पांढरं रंगद्रव्य) २७.४ ला येतं, नेमकं मिठाच्या जागी. ३१.७ ला काही नसेल तर ते मीठ नव्हे. धुतलं नाही तर डीएससीतही मीठ बोलतं : ओला, खारट तुकडा उणे ४० पर्यंत थंड करून तापवला की उणे २१ °से.ला छोटा उंचवटा येतो. तो गोठलेल्या खाऱ्या पाण्याचा. त्याला पॉलिमरचं काचसंक्रमण म्हणू नका.

दोन्ही एकाच वेळी

एकत्र मोजणीच्या जोडणीत डीएससीचा कोश एक्सआरडीच्या नमुन्याच्या जागी बसतो. वरचं झाकण काढलेलं असतं आणि त्या जागी क्ष-किरणांना पारदर्शक अशी पातळ खिडकी असते. खिडकी कॅप्टॉनची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पडद्याची) असेल तर ६ अंशांच्या आसपास तिचं स्वतःचं कुबड दिसतं. नायलॉनच्या पट्ट्यात ते अडचण करत नाही. अॅल्युमिनियमच्या पॅनची पहिली रेघ ३८.५ ला, तीही लांब.

पॅन उघडा, पसरट, आणि आत १० मिलिग्रॅमच्या आसपास पातळ थर. इथे बहुतेकांचं गणित चुकतं ते फटीचं, म्हणजे किरणांचा झोत ज्यातून येतो त्या चिरेचं. अर्ध्या अंशाची फट आणि १८५ मिलिमीटर त्रिज्येचं यंत्र घेतलं तर १० अंशांना (म्हणजे थीटा ५ अंश) किरणांचा पट्टा नमुन्यावर १८ मिलिमीटर लांब पसरतो. पॅन असतो जेमतेम ५-६ मिलिमीटरचा. उरलेले किरण कोशाच्या धातूवर आदळून पार्श्वभूमी वाढवतात. एक अष्टमांश अंशाची फट लावली की पट्टा साडेचार मिलिमीटरवर येतो. तीव्रता घटते, पण जे मोजतो ते नमुन्याचंच असतं.

दुसरी अडचण उंचीची. नमुना ०.१ मिलिमीटर खाली बसला तर २० अंशांजवळचं शिखर ०.०६ अंशाने डावीकडे सरकतं. नायलॉन वितळताना बसतंच, आणि तापताना जाळीतलं अंतर वाढल्यामुळेही शिखर डावीकडेच सरकतं. दोन्ही सरकणी एकाच दिशेच्या, त्यामुळे नुसत्या नजरेने वेगळ्या करता येत नाहीत. चिमूटभर सिलिकॉनची पूड नमुन्यात मिसळा. तिची रेघ २८.४४ ला असते आणि तिचं प्रसरण अगदी थोडं, म्हणून ती जेवढी सरकली ती सरकणी जवळजवळ सगळी उंचीची. वजनात तेवढी पूड वजा करायला विसरू नका.

तिसरी अडचण वेळेची, आणि तिच्यातून सुटका नाही. एक चित्र घ्यायला एक मिनिट लागत असेल आणि तापवण्याचा वेग मिनिटाला १० °से. असेल, तर चित्राच्या सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान १० अंशांनी वेगळं. दोन उंचवट्यांतलं अंतरच सात अंश! म्हणून वेग मिनिटाला २ °से. ठेवायचा, आणि कोनाचा पट्टा १५ ते २८ पुरता आवळायचा. पण वेग पाचपट कमी केला की उष्णतेचा संकेतही पाचपट खुजा होतो, आणि नायलॉनला पुन्हा रचना करायला पाचपट वेळ मिळतो. मोजण्याच्या पद्धतीनेच मोजली जाणारी गोष्ट बदलते. यावर उपाय एवढाच की त्याच धाग्याचे साध्या डीएससीवर २, १० आणि ४० च्या वेगाने तीन आलेख काढून शेजारी ठेवायचे.

तापमानाची सांगड इंडियम आणि कथिलाने घाला. एक १५६.६ ला वितळतं, दुसरं २३१.९ ला, नायलॉन मधोमध येतं. इंडियमचा आणखी एक उपयोग आहे. त्याची ३३ अंशांजवळची ठळक रेघ वितळताना नाहीशी होते. ती नाहीशी झालेलं चित्र आणि डीएससीतली वितळण्याची सुरुवात एकाच तापमानाला पडली पाहिजे. पडत नसेल, तर दोन संगणकांची घड्याळं जुळत नाहीत किंवा किरण पॅनच्या थंड कडेवर पडतायत. हे नायलॉन घालण्याआधी तपासायचं. नंतर तपासून फक्त हळहळ होते.

आता तो दुसरा उंचवटा

२१४ आणि २२१ ला दोन उंचवटे दिसण्याची दोन सरळ कारणं असू शकतात. एक : धाग्यात खरोखर गॅमा आणि अल्फा दोन्ही आहेत आणि गॅमा आधी वितळला. दोन : धाग्यात एकटा अल्फाच आहे, पण पातळ स्फटिक २१४ ला वितळले, तापता तापताच पुन्हा जाड होऊन रचले गेले, आणि ते जाड २२१ ला वितळले. म्हणजे दुसरा उंचवटा जाळ्यात नव्हताच, तो आपण तापवताना तयार केला.

तीन वेगांचे आलेख इथे पहिला इशारा देतात. वेग वाढवल्यावर वरचा उंचवटा खुजा होत गेला आणि वेग घटवल्यावर वाढत गेला, तर संशय पुनर्रचनेवर. प्रमाण फारसं बदललं नाही, तर दोन रूपांवर. हा इशाराच, निकाल नव्हे, कारण गॅमाही वितळल्यावर अल्फा म्हणून पुन्हा रचला जाऊ शकतो.

निकाल एक्सआरडीचा. खोलीच्या तापमानाच्या पहिल्या चित्रात २१.५ ला शिखर आहे का, हे आधी पाहायचं. तिथे काहीच नसेल आणि २० व २४ ची जोडी स्वच्छ असेल, तर 'दोन स्फटिकरूपं' हे वाक्य तिथेच खोडायचं. शिखर असेल, तर २१४ च्या आसपास ते एकटं खचतं आणि जोडी टिकते का ते पाहायचं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणतेही अडकतात. अल्फाची दोन शिखरं तापताना एकमेकांकडे सरकतात. २४ वालं डावीकडे झपाट्याने, २० वालं थोडं उजवीकडे. नायलॉन-६६ मध्ये हा प्रकार ब्रिल यांनी १९४२ मध्ये दाखवला, तिथे दोन्ही एकजीव होतात. नायलॉन-६ मध्ये ती किती जवळ येतात ते धाग्याच्या पूर्वायुष्यावर अवलंबून असतं, पण २०० °से.ला घेतलेलं एकुलतं एक चित्र पाहिलं तर २१ च्या आसपास जवळ आलेली जोडी हुबेहूब गॅमासारखी दिसू शकते. म्हणून सुटं चित्र कधीच वाचू नये. २५ °से.पासून प्रत्येक चित्रातली शिखराची जागा तापमानासमोर मांडून रेषा काढावी. अल्फाच्या दोन रेषा एकमेकींकडे झुकत येतात, गॅमाची एकच रेषा हळूहळू खाली उतरते. तरीही शंका राहिली तर १९५ °से.ला थांबून परत थंड करावं. जोडी पुन्हा फाकली तर तो अल्फा होता. एकच शिखर एकच राहिलं तर गॅमा.

पुनर्रचना असेल तर चित्रं वेगळं सांगतात. पहिल्या उंचवट्यात अल्फाची शिखरं खुजी होतात आणि मधल्या दरीत पुन्हा थोडी वर येतात, शिवाय अरुंद होतात. रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढता येतो. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केल्यावर २४ अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी १.२ अंश उरली, तर शेरर सूत्राने (स्थिरांक ०.९) आकार ६.८ नॅनोमीटर येतो. यंत्राची रुंदी त्याच फटीवर, त्याच उंचीवर सिलिकॉनने मोजलेली हवी.

स्फटिकतेच्या टक्केवारीबद्दल थोडं कडवटपणे सांगावं लागेल. डीएससीतून ६९ ज्यूल आले आणि पूर्ण स्फटिकी नायलॉन-६ ची उष्णता २३० धरली तर ३० टक्के. १९० धरली तर ३६. दोन्ही आकडे वापरात आहेत. कुठला धरला हे न लिहिता दिलेली टक्केवारी म्हणजे माप न सांगता विकलेले मासे. एक्सआरडीतून येणारी टक्केवारी बहुधा याहून वेगळीच असते, कारण अस्फटिक कुबड (विस्कळीत साखळ्यांमुळे शिखरांखाली येणारा पसरट उठाव) कुठे आणि किती रुंद काढायचं हे शेवटी माणूस ठरवतो. कुबडाचा आकार अंदाजाने काढू नका. एकत्र जोडणीत तो आयता मिळतो : नमुना २४० °से.ला पूर्ण वितळलेला असतानाचं चित्र घ्या, ते निव्वळ कुबड. तापल्यामुळे ते थोडं डावीकडे असतं, तेवढं सरकवून खोलीच्या चित्रात बसवा. दोन पद्धतींचे आकडे जुळवायचा अट्टाहास नको. एकाच पद्धतीने नवा आणि जुना धागा तुलनेला ठेवा.

दोराबद्दल थोडक्यात. उन्हात पडलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या दोराची स्फटिकता वाढलेली दिसते आणि 'मग तो तुटतो का?' असा प्रश्न येतो. स्फटिकांना जोडणाऱ्या अस्फटिक भागातल्या साखळ्या अतिनील किरणांनी तुटतात, तुटलेले मोकळे तुकडे शेजारच्या स्फटिकांवर जाऊन बसतात, म्हणून टक्केवारी चढते आणि जोड कमी होतात. पहिल्या तापवणीत वितळण्याचं तापमान काही अंशांनी घसरलेलं दिसतं. फक्त दुसरी तापवणी छापणाऱ्यांना यातलं बरंचसं दिसत नाही, कारण पहिल्यांदा वितळताच दोराचा इतिहास पुसला जातो. १६.१ अंशांना शिखर आणि १५० °से.च्या आसपास उंचवटा मिळाला तर बीटा रूप. मात्र ताणून काढलेल्या दोरात ते फारसं टिकत नाही, त्यामुळे मिळालंच तर नमुना दोराचाच आहे ना ते पाहा. स्थिरकारक किती उरलाय हे एक्सआरडीला कधीच कळणार नाही. त्यासाठी डीएससीवर २०० °से.ला नायट्रोजन बंद करून ऑक्सिजन सोडायचा आणि ऑक्सिडीकरणाचा चढ किती मिनिटांनी येतो ते मोजायचं.

राहिली यंत्राची काळजी. खोली २६ °से. आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २० °से.ला असतो. चिलरचं पाणी १८ ला लावलंत तर क्ष-किरण नळीच्या डोक्यावर घाम सुटणार, आणि तिथे उच्च दाबाची वीज आहे. २३-२४ ला ठेवा. डीएससीचा शीतक चालू असताना भट्टीचं झाकण उघडू नका. हवेतलं पाणी आत गोठतं आणि पुढच्या आलेखात शून्य अंशाला एक उंचवटा फुकट मिळतो.

एकत्र जोडणी जवळ नसेल तर डीएससी एकीकडे आणि तापत्या मंचाचं एक्सआरडी दुसरीकडे करूनही बरंच काम होतं. अट एवढीच की दोन्हीकडचा तापवण्याचा वेग आणि सुकवण्याची रीत एकच हवी. नमुना पोस्टाने मुंबई-पुण्याला पाठवताना धाग्याच्या एकाच मीटरमधून शेजारशेजारचे तुकडे घ्या, गाठ असलेला वेगळा, सरळ वेगळा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ आरपार जाते. अॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका, तोंड उष्णतेने बंद करा, पण जिथे इस्त्री फिरवाल तिथून धागा किमान चार बोटं लांब ठेवा.